गाणं ठेवू, की गायकासकट टाकून देऊ?

निळीशाई

गेले पंधरा दिवस हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

मुलगी तान्ही असताना तिला झोपवायला मी एक गाणं लावायचे. एकच. दुसरं लावलं की भोकाड पसरायची. आता सहा वर्षांची झाली, पण अंगात ताप असला की अजूनही तेच गाणं मागते. तर ते गाणं ज्याने गायलंय त्याला आता कोर्टाने दोषी ठरवलंय. गुन्हा बायकांशी वागण्यातला आहे, एवढंच सांगते. नाव मुद्दाम लिहीत नाही.

परवा तिला ताप होता. गाणं लावलं, सुरुवातीची बासरी वाजली, आणि त्याचा आवाज यायच्या आत माझ्याच बोटाने बंद केलं. "का बंद केलंस?" म्हणाली. काय सांगणार? म्हटलं, फोन बिघडलाय.

तुम्ही काय करता? कलाकार वाईट वागला की त्याचं काम बघणं-ऐकणं सोडता का? आणि वागला नाही, नुसतं आपल्याला न पटणारं काही बोलला, कुठल्या तरी भलत्या विचारांचा निघाला, तर?

टिचकी

एका नटावर मी गेली दहा वर्षं कडक बहिष्कार टाकून आहे. कारण एकच, त्याला अभिनय येत नाही. अजून तरी त्याच्या पोटावर पाय आलेला दिसत नाही.

चौकस

मला यात पेचच दिसत नाही. कला वेगळी, माणूस वेगळा. चित्रकार काराव्हाज्योने १६०६ मध्ये रोममध्ये एका माणसाला ठार मारलं आणि पळून गेला. जेझुआल्दो या संगीतकाराने १५९० मध्ये बायको आणि तिचा प्रियकर दोघांनाही संपवलं. आज एकाची चित्रं बघायला लोक रांगा लावतात आणि दुसऱ्याची रचना गायक मान डोलवत गातात. चारित्र्याचा दाखला मागत बसलो तर संग्रहालयात नुसते खिळे उरतील.

लावा हो गाणं. पोरीला झोप लागणं महत्त्वाचं.

सांजवात

@चौकस, हे दोन दाखले प्रत्येक वेळी निघतात आणि प्रत्येक वेळी गैरलागू असतात. काराव्हाज्योला तुमच्या तिकिटाचे पैसे मिळत नाहीत. त्या पैशातून तो वकील लावत नाही, साक्षीदार गप्प करत नाही. जिवंत माणसाचं तसं नसतं.

अमेरिकी गायक आर. केली घ्या. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात तो दोषी ठरला, २०२२ मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली. पण त्याच्याबद्दल लोक नव्वदच्या दशकापासून बोलत होते. मधली वीस-पंचवीस वर्षं त्याला कुणी सांभाळलं? त्याच्या गाण्यांनी. मैफिलीनंतर मुली त्याला भेटायला येत त्या त्याच्या नावामुळेच. तिथे गाणं आणि गुन्हा वेगळे नव्हतेच, गाणं हेच जाळं होतं. "कला वेगळी, माणूस वेगळा" हे त्या मुलींना सांगून बघा.

बुधवार

वाचतेय. खुर्ची ओढून बसलेय.

हिशेबनीस

पैशांचा विषय निघालाच आहे तर थोडं खोलात जातो. हे माझ्या पोटापाण्याच्या कामाजवळचं आहे.

अ‍ॅपवर गाणं ऐकलं की गायकाला थेट पैसे जातात, असा समज असतो. बहुतेक मोठ्या अ‍ॅपवर तसं होत नाही. सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचं उत्पन्न एका हंड्यात पडतं, आणि महिन्याभरात एकूण जेवढं ऐकलं गेलं त्यात कुणाचा किती वाटा, त्या प्रमाणात ते वाटलं जातं. म्हणजे तुम्ही त्या गायकाचं एकही गाणं ऐकलं नाहीत तरी तुमच्या वर्गणीतला कण त्याच्याकडे जातोच, कारण बाकीचे ऐकताहेत. त्यातही आधी कंपनी आपला वाटा घेते.

दुसरं, गाणं एकट्या गायकाचं नसतं. त्यात गीतकार आहे, संगीतकार आहे. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर चित्रपटात वापरलेल्या गाण्याच्या रॉयल्टीवरचा हक्क गीतकार-संगीतकारांकडून कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. म्हणजे निळीशाई यांनी बासरी ऐकून गाणं बंद केलं तेव्हा गायकाचा तोटा झाला तसा त्या गीतकाराचाही झाला, ज्याने कुणाचं काही वाकडं केलेलं नसेल.

आणि एक मजा. १९८५ मध्ये मायकेल जॅक्सनने एक अख्खी संगीत प्रकाशन कंपनी विकत घेतली. तिच्यात बीटल्सच्या बहुतेक गाण्यांचे हक्क होते. पुढची कित्येक वर्षं लोक रेकॉर्ड बीटल्सची घेत होते आणि त्यातला वाटा जॅक्सनच्या खिशात पडत होता. आता सांगा, कुणावर बहिष्कार टाकायचा तर कुणाची रेकॉर्ड घ्यायची नाही?

टिचकी

हिशेबनीस, तुम्ही माझा बहिष्कारच बुडीत खात्यात टाकलात.

बुधवार

@निळीशाई, बासरी म्हणालात. म्हणजे तो का? ज्याच्या गाण्यात... (आद्याक्षर देऊ का?)

प्रशासक

नाव ओळखायचा खेळ इथे नको. वरच्या प्रतिसादातलं वर्णन काढलं आहे.

आडवळण

दोषी ठरलेल्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. आपण निकालाची वाट बघत नाही, तक्रार त्याबद्दल आहे.

रॉस्को आर्बकल. मूकपटांच्या काळातला अवाढव्य विनोदी नट. १९२१ मध्ये त्याच्या पार्टीला आलेली एक अभिनेत्री काही दिवसांनी वारली आणि आळ त्याच्यावर आला. तीन खटले चालले. पहिल्या दोन वेळा ज्यूरीचं एकमत होईना. तिसऱ्या वेळी, १९२२ च्या एप्रिलमध्ये, ज्यूरीने काही मिनिटांत निर्दोष तर सोडलंच, वर लेखी माफी मागितली: याच्यावर मोठा अन्याय झालाय. त्यानंतर आठवडाही झाला नाही तोच त्याच्या सिनेमांवर बंदी आली! बंदी त्याच वर्षी उठली, पण लोकांनी त्याचं नाव टाकलं ते टाकलंच. पुढे बिचारा दुसऱ्या नावाने दिग्दर्शन करत राहिला.

शंभर वर्षांनी तरी शहाणपण आलं का? २०१७ मध्ये हॉलिवूडचा नट केविन स्पेसीवर आरोप झाले, तेव्हा त्याचा एक सिनेमा तयार होऊन पडला होता. दिग्दर्शक रिडली स्कॉटने त्याची सगळी दृश्यं काढली आणि ख्रिस्तोफर प्लमरला घेऊन नऊ दिवसांत पुन्हा चित्रित केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाणी खटल्यात निकाल स्पेसीच्या बाजूने लागला, २०२३ मध्ये लंडनच्या ज्यूरीनेही त्याला सगळ्या आरोपांतून मुक्त केलं. तेव्हा टाळ्या ऐकू आल्या नाहीत.

सांजवात

आडवळण, हीच गोष्ट पुढे वाचलीत तर आणखी मजा आहे. त्या नऊ दिवसांच्या जादा कामाचे नायक मार्क वॉलबर्गला पंधरा लाख डॉलर मिळाले आणि नायिका मिशेल विल्यम्सला हजार डॉलरसुद्धा नाहीत. बोंब झाल्यावर वॉलबर्गने ती रक्कम देणगी देऊन टाकली. बायकांवर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या निधीलाच!

निर्दोष सुटण्याचा तुमचा मुद्दा मान्य. पण मी काय बघायचं हे ठरवायला मला कोर्टाचा निकाल कशाला लागतो? मी कुणाला तुरुंगात टाकत नाहीये. फक्त तिकीट काढत नाहीये.

आडवळण

तुम्ही एकट्या काढत नाही तोवर ती आवडनिवड. दहा लाख जणांनी मिळून काढलं नाही, आणि जो काढेल त्याला शिव्या घातल्या, की ती शिक्षाच.

अवांतरवीर

अवांतर आहे, पण अगदीच नाही.

'बॉयकॉट' हे एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी. १८८० मध्ये कुळं खंड कमी करा म्हणत होती, याने बेदखल करायच्या नोटिसा काढल्या. मग शेतमजूर कामाला येईनात, दुकानदार माल देईना, टपालवाला पत्र आणीना. पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला जवळपास हजारभर सैनिक-पोलीस. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च काढणीवर झाला.

आता बघा, तो बहिष्कार टाकणारे त्याला ओळखत होते. रोज त्याच्या तोंडाकडे बघत होते. मागणी काय, तर खंड कमी कर. केला असता तर बहिष्कार उठला असता. आपण ज्याच्यावर टाकतो त्याला आपण ठाऊकही नसतो, आणि त्याने नेमकं काय केलं म्हणजे आपण बहिष्कार उठवू, हे आपल्यालाही ठाऊक नसतं.

चौकस

+१. शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

तंतुवाद्य

बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहितेय.

मी ध्वनिसंकलनाचं काम करते. त्यात एक कंटाळवाणं काम म्हणजे श्वास साफ करणं. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, माइक तो पकडतो, आणि तो कमी करायचा किंवा काढायचा असतो. दिवसातून शेकडो. काही महिने केलं की माणसं चेहऱ्याआधी श्वासावरून ओळखू येतात.

एका नावाजलेल्या विनोदी कलाकाराबरोबर मी दीड वर्ष काम केलं. पडद्यावर लोभस. स्टुडिओत हाताखालच्या लोकांना तो काय काय बोलायचा ते इथे लिहिता येणार नाही. एकदा त्याने हेडफोन भिरकावला, तो नवख्या मदतनीस मुलाच्या भुवईला लागला. रक्त आलं. खोलीत आम्ही सात जण होतो. सातही जण आपापल्या वायरी तपासायला लागलो. मीसुद्धा. एक वायर मी तीनदा काढून तीनदा तिथेच लावली, अजून आठवतंय.

तर तो ओरडण्याआधी नाकाने एक आखूड, दोन टप्प्यांचा श्वास घ्यायचा. विनोदाची शेवटची ओळ टाकण्याआधीही तोच. लोक त्या ओळीवर हसून लोळतात. मला तो श्वास ऐकू येतो आणि पोटात गोळा येतो.

मी त्याच्यावर बहिष्कार टाकलेला नाही. घरचे लावतात, मी उठून जाते. नवऱ्याला कारण माहीत आहे, तरी तो हसतो, आणि त्याचा मला राग येत नाही. तो श्वास त्याने ऐकलेलाच नाही.

सांजवात

तंतुवाद्य, काय लिहू कळत नाहीये. त्या मुलाचं काय झालं?

तंतुवाद्य

दुसऱ्या दिवशी आला नाही. कुणी विचारलंही नाही. या धाग्यावर बहिष्कार कुणावर पडला असं विचारलंत, तर उत्तर तो मुलगा.

बोरूबहाद्दर

वरच्या प्रतिसादानंतर लिहायला जड जातंय, पण मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला अजून कुणी हात घातलेला नाही. वागणं राहू द्या, नुसत्या विचारांसाठी नाव टाकायचं का?

माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, कारण हे हत्यार शेवटी कुणाच्या हातात जातं ते दिसलेलं आहे. १९७६ मध्ये, आणीबाणीत, किशोर कुमारने सरकारी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी गायला नकार दिला आणि आकाशवाणीवरून त्याची गाणी गायब झाली. हॉलिवूडमध्ये १९४७ पासून कम्युनिस्ट म्हणून लेखकांना काळ्या यादीत टाकलं. डाल्टन ट्रम्बो त्यातलाच. तो टोपणनावांनी लिहीत राहिला. १९५७ मध्ये 'रॉबर्ट रिच' नावाच्या लेखकाला ऑस्कर जाहीर झालं, आणि घ्यायला लेखक येईना, कारण त्या नावाचा लेखकच नव्हता! मागे ट्रम्बो होता. ती बाहुली त्याच्या हातात पडायला १९७५ उजाडलं.

२००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर डिक्सी चिक्स या टेक्सासच्याच अमेरिकी गटातली गायिका लंडनच्या मंचावरून एवढंच म्हणाली, की आमचा राष्ट्राध्यक्ष टेक्सासचा आहे याची आम्हाला लाज वाटते. रेडिओ केंद्रांनी गाणी बंद केली. लोकांनी त्यांच्या सीडी ट्रॅक्टरखाली घातल्या. चार वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच गटाला पाच ग्रॅमी.

टिचकी

सीडी ट्रॅक्टरखाली घालायची तर आधी विकत घेतलेली असावी लागते ना? पैसे तर पोचले. बहिष्कारात डिझेलचा खर्च तेवढा वाढला.

सांजवात

बोरूबहाद्दर, उदाहरणं सोयीची निवडलीत. तिघांनीही सत्तेला नाही म्हटलं होतं. उद्या एखादा गायक म्हणाला, की अमुक जमातीची माणसं किड्यामुंग्यांसारखी आहेत, तर? तेही विचारच. त्या जमातीतली बाई त्याच्या भावगीतावर मान डोलवील ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

बोरूबहाद्दर

तिने डोलवू नये. पण तिने डोलवली तर तुम्ही तिला जाब विचारू नये, एवढंच.

स्वरसखा

सांजवातताई आणि बोरूबहाद्दर दोघांच्याही मध्ये बसेल असा एक प्रसंग सांगतो.

जर्मन संगीतकार वाग्नरने १८५० मध्ये टोपणनावाने ज्यूंविरुद्ध एक विखारी लेख लिहिला आणि १८६९ मध्ये तोच स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. वारला १८८३ मध्ये, म्हणजे हिटलरच्या जन्माच्याही आधी. पण नाझींनी त्याचं संगीत डोक्यावर घेतलं. १९३८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, तेव्हा पॅलेस्टाइनमधल्या ज्यू वाद्यवृंदाने ठरलेल्या कार्यक्रमातून वाग्नरची रचना काढून टाकली. कायदा कुणी केला नाही, पण पुढे इस्रायलमध्ये तो पायंडाच पडला.

२००१ मध्ये वाद्यवृंद-संचालक डॅनिएल बॅरनबॉइम, स्वतः ज्यू, जेरुसलेममध्ये बर्लिनचा वाद्यवृंद घेऊन आला होता. ठरलेला कार्यक्रम संपला. मग तो श्रोत्यांकडे वळला आणि विचारलं, वाग्नर ऐकायचाय का? ज्यांना नको त्यांनी खुशाल जावं. अर्धा तास सभागृहात वादावादी. कुणी ओरडलं, कुणी उठून दारं आपटत गेलं. बाकीचे बसून राहिले. मग वाजवलं.

मला बॅरनबॉइमचं वाजवणं महत्त्वाचं वाटत नाही. त्याने दार उघडं ठेवून विचारलं, ते वाटतं. आणि दार आपटून गेलेल्यांना कुणी अरसिक म्हणू नये. मेलेल्या माणसाला शिक्षा करायला ते बाहेर पडलेले नव्हते. त्यांच्या कानात त्या सुरांना दुसरंच काही चिकटलेलं होतं. तंतुवाद्यताईंच्या श्वासासारखंच.

चौकस

पहिल्या प्रतिसादात मी "पेचच दिसत नाही" असं ठोकून दिलं होतं. तंतुवाद्य यांचं वाचल्यावर तो माज उतरला. कला वेगळी आणि माणूस वेगळा हे मी अजूनही मानतो, पण ते माझ्या कानांना शक्य आहे म्हणून. वायर तीनदा लावणाऱ्याला ते कसं जमावं?

एक मात्र कायम: संस्थांनी तत्त्वाच्या गप्पा मारू नयेत. रोमान पोलान्स्कीने अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला होता आणि शिक्षेआधी, १९७८ मध्ये अमेरिकेतून पळाला. सगळ्या जगाला ठाऊक होतं. ऑस्करवाल्यांनी २००३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरवलं आणि २०१८ मध्ये सभासदत्वावरून काढलं. मधल्या पंधरा वर्षांत त्या कबूल केलेल्या गुन्ह्यात काडीचीही भर पडली नव्हती. बदललं होतं ते वारं.

हिशेबनीस

वारं आणि ताळेबंद. अनुमोदन.

बुधवार

@निळीशाई, धागा सोडून कुठे गेलात? मुलीचा ताप उतरला का?

निळीशाई

इथेच आहे. सगळं वाचलं, काही प्रतिसाद दोनदा.

ताप उतरला. पैशांचा मुद्दा माझ्यासाठी हिशेबनीसांनी निकालात काढला. माझ्या एकदा ऐकण्याने त्याचं काही बिघडत नाही आणि न ऐकण्यानेही नाही. म्हणजे हा प्रश्न त्याच्यापुरता नव्हताच. तो माझा आणि मुलीचा होता.

मी गाणं यादीतून काढलं नाही आणि लावलंही नाही. विचार केला, तिच्या कानात अजून काही चिकटलेलं नाही, आपण होऊन कशाला चिकटवा? मोठी झाली की कळेल, तेव्हा तिचं ती ठरवील. हे पळपुटेपणाचं आहे का, माहीत नाही. सांजवात, तुम्ही म्हणाल आहे.

आणि काल रात्री ती अंथरुणात पडल्या पडल्या ते स्वतःच गुणगुणत होती. चाल अर्धी चुकलेली, दुसऱ्या कडव्याचे शब्द स्वतःचे, बासरीच्या जागी 'तूरू तूरू'. मी दिवा मालवायला गेले होते, दारातच थांबले. दोन ओळींच्या मध्ये ती मोठ्ठा श्वास घेते. तंतुवाद्य, तुमच्यामुळे आता तेही ऐकू येतं.

तंतुवाद्य

तो काढू नका.

सांजवात

नाही म्हणणार. झोपू द्या तिला.

टिचकी

चला, गीतकाराचं नुकसान टळलं. हिशेबनीस, 'तूरू तूरू'वर रॉयल्टी कुणाची?

हिशेबनीस

दुसऱ्या कडव्याचे शब्द तिचे आहेत ना, मग गीतकार म्हणून वाटा तिचाही. कायद्याने तो लिहून घेता येत नाही. आईलासुद्धा.